आंबा घाटातलं रिंगण

"मामा, एक विचारू? सात दिवस, सात रात्री सायकल चालवून तुम्ही शेवटी पोचता कुठं?"

दिनकरदाजींनी हे विचारलं तेव्हा बापूंच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि पुढ्यात, खास जावयासाठी कापलेल्या कोंबडीचा रस्सा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना आमच्या बापूंची लाज वाटायची, आणि ती लपवण्याइतके ते लबाड नव्हते.

आमचे बापू म्हणजे हिंदुराव लोहार, सायकलवाले. आता कुणाला सांगून पटायचं नाही, पण त्या काळी कोल्हापूर-सांगलीकडच्या जत्रांत सायकलवाला आल्याशिवाय जत्रेला रंग चढत नसे. शाळेच्या मैदानात पांढऱ्या फक्कीनं मोठा गोल आखायचा, त्याला आम्ही रिंगण म्हणायचो. त्या रिंगणात बापू सायकलवर बसायचे ते आठवड्यानंच उतरायचे. पाय जमिनीला लावायचा नाही, एवढाच नियम. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळही सायकलवर. मी बादली घेऊन शेजारून पळायची आणि तांब्यानं पाणी ओतायची. बाकीच्या विधींचं विचारू नका, त्याचीही सोय होती. मधूनमधून बापू हॅण्डल गरागरा फिरवून दाखवायचे, चालत्या सायकलवरून वाकून दातांनी रुमाल उचलायचे. माझ्याकडं माईक असायचा. "बघा मंडळी, बघा, वारणाकाठचा वाघ बघा," असं मी घसा बसेपर्यंत ओरडायची. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझा घसा सहसा बसत नसे.

पण गावोगावी टीव्ही आले होते. रिंगणाभोवतीची गर्दी विरळ व्हायला लागली होती.

"कारखान्याच्या गेटवर वॉचमनची जागा निघालीय," दाजी म्हणाले. "मी साहेबांशी बोलून ठेवलंय. बसायला खुर्ची हाय, डोक्यावर पत्रा हाय. सोडा की हे आता. ऑफिसात मला विचारत्यात, तुमचे सासरे काय करत्यात. काय सांगू मी?"

आक्कानं नवऱ्याकडं डोळे वटारून बघितलं. आईनं उगाच रस्सा वाढला. बापूंनी ताट स्वच्छ केलं, चूळ भरली, टॉवेलानं मिशा पुसल्या, आणि मग विचारलं, "पावणं, हितनं समुद्र किती लांब?"

"रत्नागिरी? लांब हाय. एसटीला दिवस मोडतोय."

"येत्या शनवारी मी सायकलीवरनं जातो. एका दिवसात, पाय न टेकता. वाटंत कुठं पाय टेकला तर सायकल इकून सोमवारी गेटवर हुबा ऱ्हातो, तुम्ही द्याल ती टोपी घालून. न्हाई टेकला, तर ह्यो इषय माझ्या ताटावर परत काढायचा न्हाई."

"आणि बघणार कोण, पाय टेकला का न्हाई ते?"

"तुम्हीच की. फटफटी हाय न्हवं?"

दाजींना आता मागं सरता येईना. जावयाचा मान आडवा आला.

बापूंबरोबर मी जाणार हे कुणी ठरवलं नाही, ते ठरलेलंच होतं. कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची लेडीज सायकल मी मागून आणली. मला पाय टेकायची मुभा होती. पिशवीत केळी, गुळाचे खडे, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. बापूंची सायकल मी स्वतः पुसली, चेन तेलात भिजवली, चाकं फिरवून आऱ्यांचा आवाज ऐकला. ती सायकल मी लहानपणापासून रोज पुसत होते. तिच्यात काय आहे हे मला तोंडपाठ होतं. काय नाही, ते मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

शनिवारी उजाडताच निघालो. पुढं बापू, मागं मी, आणि त्याच्याही मागं दाजींची राजदूत फटफटी धूर सोडत. गावाची वेस ओलांडली आणि पहिलीच पंचाईत झाली. बापूंची सायकल सारखी डावीकडं जायला लागली. वर्षानुवर्षं डावीकडं गोल फिरलेला, जत्रेलाही सायकल एसटीच्या टपावर टाकून जाणारा माणूस, त्याच्या खांद्यालाच तो बाक बसलेला. सरळ रस्ता दिसला की हात आपोआप डावीकडं वळायचे आणि सायकल गटाराकडं निघायची.

"बापू, उजवीकडं घ्या, उजवीकडं."

"घेतोय गं. पण ह्या रस्त्याला वळणच न्हाई, तर करू काय?"

मी सायकल त्यांच्या डाव्या अंगाला घातली. मी शेजारी असले की ते माझ्या अंगावर येऊ नये म्हणून नीट चालवायचे. बांबवड्यापर्यंत असंच चाललं.

रस्त्याकडेला एक म्हातारी म्हशीला घेऊन उभी होती. बापूंनी तिला रिंगणातल्या सवयीनं मान लववून नमस्कार केला. म्हातारीनं हात उचलला. पुढं बऱ्याच वेळानं बापू म्हणाले, "ती म्हातारी परत आली न्हाई."

"परत कशी येईल? आपण पुढं आलो की."

"व्हय की," ते म्हणाले. "रिंगणात माणसं परत परत येत्यात. हितं एकदा गेलं की गेलं." आणि मग ते प्रत्येक माणसाकडं जरा जास्त वेळ बघायला लागले. एवढ्या सायकली झिजवलेल्या माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदाच सायकलवरून मुलूख बघितला, हे मला तेव्हा कळलं.

पण चालवत होते मात्र झकास. घाई नाही, दमछाक नाही. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं, आणि किती राहिलं हे कुणालाही विचारायचं नाही, ही त्यांची शिस्त. मलकापूरच्या चढाला मी किती राहिलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "किती झालं ते इचार. ते तरी आपलं हाय." पुढं पन्नाशीत मी स्वतः लांब पल्ल्याच्या सायकल राइडला जायला लागले. शहरातली पोरं महागाच्या सायकली घेऊन येतात, मनगटावरच्या घड्याळात नाडी बघतात आणि निम्म्या वाटेत रस्त्यावर आडवी होतात. मग मला विचारतात, मावशी, तुम्ही खाता काय? मी म्हणते, तुमच्या आधी खाते.

चढाला मी दोनदा उतरून सायकल ढकलली. बापू बसूनच चढले. दाजी मागून येत होते. सकाळी त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते आता कुठं दिसत नव्हतं.

आंब्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इथं देश संपतो आणि घाट कोकणात उतरतो. खाली बघितलं तर रस्ता डोंगराला विळखे घालत गेलेला, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मी थांबले, पाणी प्याले आणि माझ्या सायकलचे ब्रेक दाबून बघितले. मग बापूंच्या हॅण्डलकडं नजर गेली.

त्यांच्या सायकलला ब्रेकच नव्हते.

हॅण्डल गरागरा फिरवायचं तर ब्रेकच्या सळ्या मध्ये येतात, म्हणून त्या कधीकाळी काढून माळ्यावर टाकल्या होत्या. रिंगणात ब्रेक लागतोच कशाला? सकाळपासून जे बारीकसारीक उतार लागले ते बापूंनी वाऱ्यावर सोडून दिले होते, पुढं चढ आला की सायकल आपोआप मंदावायची. जन्मभर सायकलीवर पोट भरलेलं आमचं घर, आणि ब्रेकची आठवण एकालाही राहिली नव्हती.

"बापू, ब्रेक," मी म्हणाले.

त्यांनी हॅण्डलकडं बघितलं. मग घाटाकडं बघितलं. थांबता तर येत नव्हतं, पाय टेकला असता. म्हणून रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ते माझ्याभोवती गोल फिरायला लागले. दाजी आले, फटफटी लावून माझ्या शेजारी उभे राहिले. आम्ही दोघं मध्ये आणि बापू आमच्याभोवती. ते जसे फिरतील तशा आम्ही माना फिरवत होतो. अशी बैठक कुणाच्या घरात झाली नसेल.

"मामा, उतरा," दाजी म्हणाले. "घाट चालत उतरा. मी हे मोजणार न्हाई. शपथ घेतो."

"तुम्ही मोजू नका," बापू त्यांच्या पाठीमागून म्हणाले. "मी मोजतोय की."

"अहो, काय झालं तर तुमची लेक मला घरात घेईल का?"

"न्हाई घेणार," बापू त्यांच्या समोरून म्हणाले.

त्यांनी आधी चपलेचा तळवा पुढच्या टायरवर दाबून वेग मोडायचा प्रयोग केला. पोरं करतात तसा. घाटाच्या तोंडाशी थोडा उतार होता, तेवढ्यातच रबराचा वास सुटला आणि चपलेला भोक पडलं. कसेबसे ते वळून वर आले. चप्पल काढून दरीत फेकली, दुसरीही फेकली.

मग दोन फेरे रस्त्याकडं बघत मारले. तिसऱ्या फेऱ्याला म्हणाले, "शालन, रस्ता किती रुंद हाय?"

"दोन ट्रक जातील एवढा."

"मग रिंगण बसतंय."

मला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा मी दाजींच्या दंडाला धरलं. बापू घाट सरळ उतरणार नव्हते. रस्त्याच्या रुंदीत गोल फिरत उतरणार होते. उताराला लागायचं, वेग येतोय तोच वळून तोंड चढाकडं करायचं, चढाला सायकल मरायला आली की परत वळून खाली. प्रत्येक फेऱ्याला जमेल तेवढं खाली सरकायचं. घाट संपेपर्यंत.

"पण गाड्या?" दाजी म्हणाले.

"त्या तुम्ही बघायच्या," बापू म्हणाले आणि उताराला लागले.

मी वरच्या बाजूला राहिले, मागून येणारं वाहन थांबवायला. दाजी फटफटी घेऊन पुढं खाली गेले. मधे बापू, एकटे. अनवाणी पाय पेडलवर, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. डावीकडं वळायचे, कड्याला हात लागेल इतके जवळ जायचे, वर तोंड, मग दरीकडचा कठडा, मग परत खाली. जो बाक सकाळी त्यांना गटारात घालत होता तोच आता त्यांना वळवत होता. मागं एक ट्रक थांबला, मग दुसरा. पहिल्याचा ड्रायव्हर शिव्या घालत उतरला, दोन फेरे बघितले आणि बिडी पेटवली.

निम्मा घाट झाला असेल. खालून रत्नागिरी-कोल्हापूर एसटी आली आणि नेमकी अरुंद वळणावर येऊन उभी राहिली. गाडीनं निम्मा रस्ता अडला. उरलेल्या जागेत रिंगण बसत नव्हतं, आणि सरळ जावं तर पुढं वळण आणि दरी. बापूंना आता खाली सरकता येईना. ते गाडीच्या वरच्या अंगाला एकाच जागी फिरायला लागले. एकाच जागी फिरायचं म्हणजे जेवढं उतरलं तेवढं परत चढायचं, प्रत्येक फेऱ्याला. वरून मला त्यांचा उजवा गुडघा दिसत होता. तो थरथरत होता.

घाटात आवाज लांब जातो. दाजींचं आणि ड्रायव्हरचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"गाडी मागं घ्या, मास्तर."

"चढाला लागलेली गाडी मागं घेऊ? कशासाठी?"

"वरनं सायकल येतीय."

"येऊ दे की. सायकलीला किती जागा लागती?"

"ती गोल गोल येतीय."

ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून बघितलं. "दारू पिलाय का त्यो?"

यावर दाजी काय बोलतील ते मला ठाऊक होतं. दाजी म्हणजे वरच्या साहेबापुढं मान खाली घालणारा माणूस. मी सायकल टाकून खाली पळायला निघाले.

"तोंड सांभाळून बोला," दाजी म्हणाले, आणि असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "माझे सासरे हायत ते. हिंदुराव लोहार. सात दिवस, सात रात्री पाय टेकत न्हाईत ते जमिनीला. तुमच्या गाडीसाठी टेकणार हायत व्हय? घ्या मागं."

मी जागच्या जागी उभी राहिले. मग मला माझं काम आठवलं. माईक नव्हता, पण घसा होता. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि घाटात घातली आरोळी.

"बघा मंडळी, बघा. वारणाकाठचा वाघ बघा. सकाळपासनं पाय टेकला न्हाई, आता समुद्राला पाय लावणार. खिडकीतनं काय बघताय, खाली उतरा, जागा करा वाघाला."

आणि माणसं खरंच उतरली. बायका कडेवरच्या पोरांसकट उतरल्या, कठड्याला रांग लागली. कंडक्टर गाडीच्या मागं जाऊन शिट्टी मारायला लागला. ड्रायव्हर पुटपुटत होता, पण गाडी हळूहळू मागं सरकली, वळणाखालच्या रुंद जागेत जाऊन डोंगराला चिकटून थांबली. बापूंचा गुडघा थरथरायचा थांबला नव्हता. पण माझा आवाज ऐकल्यावर त्यांची मान वर झाली, पाठ ताठ झाली. रिंगणात गर्दी जमली की ते असेच व्हायचे. गोल फिरत ते त्या माणसांपुढून गेले, आणि जाताना म्हातारीकोतारी बघून मान लववत गेले. टाळ्या घाटभर वाजल्या. एसटीचा ड्रायव्हर टाळ्या वाजवत नव्हता, पण त्यानं हॉर्न दिला, लांबलचक.

साखरप्याला सपाटी लागली तेव्हा दाजी फटफटी कडेला लावून ओकले. बापू त्यांच्याभोवती एक फेरा मारून म्हणाले, "पावणं, पाणी प्या. थोडं थोडं."

पुढं कोकणातले चढउतार होतेच. पालीला उतार, हातखंब्याला उतार. पण आता कुणालाही काही सांगावं लागत नव्हतं. उतार दिसला की दाजी आपणहून पुढं जायचे, वाहनं अडवायचे आणि अडवलेल्या प्रत्येकाला, न विचारता, हे कोण आहेत ते सांगायचे. पालीच्या उतारापर्यंत त्यांच्या सांगण्यात सात दिवसांचे दहा दिवस झाले होते.

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्याला पोचलो तेव्हा सूर्य पाण्यावर टेकत होता. काळी वाळू, भेळेच्या गाड्या, फिरायला आलेली माणसं. कोरड्या वाळूत सायकल रुतायला लागली, तसे बापू उभे राहून पेडल मारायला लागले आणि पाण्याकाठच्या ओल्या, घट्ट वाळूवर पोचले. लाट येऊन चाकाला लागली. बापू सायकलीवरून समुद्राकडं बघत राहिले. त्यांनी तो पहिल्यांदाच बघितला होता, आणि मीही.

"मामा, जिंकला तुम्ही," दाजी म्हणाले. "उतरा आता."

बापू उतरले नाहीत. ओल्या वाळूत त्यांनी एक मोठं रिंगण घातलं. चाकाची रेघ उमटली, मागून लाटेनं पुसली. परत एक घातलं. मग आपल्या मनानं सायकल थांबवली, डावा पाय खाली घेतला आणि पाण्यात ठेवला. उजवी टांग मागून काढली आणि उभे राहिले. मी धरायला धावले तर हातानंच नको म्हणाले.

"नोकरीचं नाव मी परत काढणार न्हाई, मामा," दाजी म्हणाले. "शब्द हाय."

"म्हणून तर मी काढतोय," बापू म्हणाले. "ती जागा भरली का?"

दाजी माझ्याकडं बघायला लागले. "न्हाई अजून."

"मग सोमवारी येतो म्हणून सांगा सायबास्नी."

मला संतापच आला. दिवसभराचं ऊन, ती दरी, तो थरथरणारा गुडघा, सगळं डोळ्यांपुढं आलं. "बापू, जायचंच होतं तर मग एवढं सगळं कशाला? घाटातच उतरायचं होतं की."

त्यांनी सायकलीचा दांडा पोटाला टेकवला आणि दोन्ही हातांनी गुडघे चोळले.

"गुडघं संपल्यात, पोरी. गेल्या दोन जत्रा मी कशा काढल्या, माझं मला ठावं. आज ना उद्या उतरायचं तर हुतंच. पण कुणीतरी उतरवलं आन् आपलं आपण उतरलो, ह्यात काय फरक हाय का न्हाई?"

दाजी वाळूत खाली बसले आणि कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मी रडत होते, पण त्यात दुःखाचा थेंबही नव्हता. पुढं पुष्कळ शर्यती बघितल्या, पुष्कळ जिंकणारे बघितले. माझ्या बापाइतका ऐटीत सायकलीवरून उतरलेला माणूस मी आजवर बघितलेला नाही.